टॉपिक नंतर ठरव, आधी एक कागद घे

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएचं पहिलं वर्ष, ‘शिवकालीन अर्थव्यवस्था’ या विषयावर लघुप्रबंध करायचा विचार, हातात सहा महिने, मोडी येत नाही, फारसी येत नाही, सुरुवात कुठून करू आणि मुळात हे जमेल का.

संशोधन जमेल, हा विषय जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, मीसुद्धा विद्यार्थी असताना असाच एक अवाढव्य विषय घेऊन गाईडकडे गेलो होतो आणि त्यांनी एकच विचारलं, “कागद कुठे आहेत?” मी पुस्तकांची नावं सांगायला लागलो तर म्हणाले, पुस्तकं नाही रे, कागद. तेव्हा राग आला होता, पण आज माझ्याकडे कोणी विद्यार्थी आला की मीही पहिलं तेच विचारतो.

कारण बघ, मध्ययुगीन काळात विषयाचा आकार आपण ठरवत नाही, उरलेले कागद ठरवतात. शिवाजी महाराजांच्या काळातला कारभार कागदावर चालत नव्हता असं नाही, पण रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हातात गेला आणि राजधानीच्या दफ्तरातलं जवळपास काही आपल्यापर्यंत पोचलं नाही. आज जे आहे ते बरंचसं देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, मठ, देवस्थानं यांच्या घरी जपून ठेवलेलं, म्हणजे ज्याला आपला हक्क सिद्ध करायला कागद लागणार होता त्याने तो सांभाळला. याउलट पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर घे, तिथे कागदांचा आकडा कोटींमध्ये सांगतात. मग पहिल्या काळाची ‘अर्थव्यवस्था’ सहा महिन्यांत लिहायची म्हटलं तर तू करणार काय, आधीच्या चार पुस्तकांमधून पाचवं तयार करणार, आणि ते तुलाही कळेल आणि परीक्षकालाही कळेल.

म्हणून उलटं कर. आधी कागद वाच, प्रश्न त्यातून येऊ दे. आणि मोडी येईपर्यंत थांबायची गरज नाही, बाळबोधमध्ये, म्हणजे आपल्या देवनागरीत, छापलेले कागद तुझ्या आयुष्याला पुरतील एवढे आहेत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली, त्याचे बावीस खंड झाले. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या मोजक्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे निवडले ते वेगळेच, आणि त्यांची मांडणी विषयवार असल्याने नवख्याला ते फार सोयीचे पडतात. यातलं बरंचसं आता स्कॅन होऊन नेटवर फुकट मिळतं. यातला एक खंड घे, कुठलाही, आणि प्रस्तावना सोडून सरळ पत्रं वाचायला लाग. पहिले आठ दिवस काहीही कळणार नाही, तो आजार सगळ्यांना होतो, नवव्या दिवशी उतरतो.

आता छोटा प्रश्न म्हणजे केवढा छोटा, ते सांगतो. पेशवेकालीन पत्रावर बऱ्याचदा एक नोंद असते, ‘पौ’ किंवा ‘पौ छ’ आणि पुढे तारीख. पौ म्हणजे पैवस्ती, पत्र पोचलं तो दिवस, आणि ही नोंद पत्र घेणाऱ्याच्या कारकुनाने केलेली असते. पत्रात लिहिल्याची तारीख, वर पोचल्याची तारीख, म्हणजे मधले दिवस तुला आयते मिळाले. एका खंडातली उत्तरेकडून पुण्याला आलेली अशी पत्रं घे आणि एक्सेलमध्ये टाक: कुठून लिहिलं, कधी लिहिलं, कधी पोचलं, ऋतू कोणता होता. पावसाळ्यात किती दिवस जास्त लागतात, लढाईच्या धामधुमीत काय होतं, कुठल्या टप्प्यावर पत्रं अडकतात, आणि मुख्य म्हणजे पुण्यात बसून जो हुकूम निघाला तो किती शिळ्या बातमीवर निघाला होता. हा लघुप्रबंध आहे, सहा महिन्यांत होतो, आणि यात तू कोणाची उष्टी मतं सांगत नाहीयेस. एवढ्या कामाने तुला ‘अर्थव्यवस्था’ कळणार नाही हे खरं, पण राज्य कसं चालायचं याचा एक खिळा तरी तुझ्या हाताने ठोकलेला असेल.

पत्र वाचताना मजकुराकडे धावू नकोस. आधी मायना बघ, म्हणजे सुरुवातीचं संबोधन. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असं लांबलचक आलं की आपण ते गाळून पुढे जातो, मीही वर्षभर तेच केलं. पण कोण कोणाला तीर्थस्वरूप म्हणतो, कोण नुसतं राजश्री म्हणतो, कोण आशीर्वाद लिहितो आणि कोण दंडवत, कोण ‘आज्ञा’ करतो आणि कोण ‘विनंती’, यात त्या दोघांचं नातं आणि पायरी उघडी पडते. त्याच माणसाला दहा वर्षांनी लिहिलेल्या पत्रात मायना बदलला असेल तर मधे काहीतरी घडलंय, मजकुरात ते लिहिलेलं असो वा नसो. मग शिक्का कुठे आहे, शेवटी मोर्तब आहे का ते बघ. महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा छोटा शिक्का असतो, मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडायचं नाही, असा त्याचा अर्थ. छापील खंडात हे सगळं कधी कधी एका ओळीच्या टिपेत उरकलेलं असतं, टीप वाचायची सवय आत्ताच लाव.

आता तारखा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त आपटतात आणि मी स्वतः आपटलोय. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. हिजरी सन ११७४. फसली, म्हणजे महसुलासाठी वापरला जाणारा सन, ११७०. आणि मराठी कागदांमध्ये जो सर्रास दिसतो तो सुहूर सन ११६१. एकाच दिवसाचे हे एवढे आकडे, आणि सुहूर सन आकड्यात लिहिलेला असेलच असं नाही, तो अरबी शब्दांत येतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. त्यात अर्बा म्हणजे चार आणि अर्बैन म्हणजे चाळीस, सलास तीन आणि सलासीन तीस, सबा सात आणि सबैन सत्तर. घाईत वाचलं की तुझा कागद तीस-चाळीस वर्षं इकडचा तिकडे जातो. एका वहीच्या मागच्या पानावर हे सगळे शब्द लिहून ठेव, पाठ होतील आपोआप.

सुहूर सनाचं वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, साधारण मे अखेर ते जूनची सुरुवात. तिथून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेपर्यंतच्या कागदाला ६००. शकाला तसंच ७८ किंवा ७९. मी एका परगण्यातल्या तक्रारींवर काम करत होतो, माघातल्या एका पत्राला मी ६०० ऐवजी ५९९ मिळवले आणि ते वर्षभर मागे गेलं. झालं असं की नुकसान व्हायच्या आधीच लोक नुकसानीची तक्रार करतायत असं दिसायला लागलं, आणि मी मूर्खासारखा त्यावर दोन पानं लिहिली की बघा लोकांना संकटाची चाहूल कशी आधी लागली होती! ती दोन पानं माझ्याकडे अजून आहेत, डोक्यात हवा गेली की काढून वाचतो.

आणखी एक. या सनाचं वर्ष सूर्यावर चालतं पण महिने हिजरीचे, म्हणजे जमादिलावल, रजब, साबान वगैरे, आणि ‘छ’ हा चंद्राचा दिवस. हा चंद्रदिवस संध्याकाळी सुरू होतो. त्यामुळे जंत्रीतून, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकातून, काढलेली तारीख आणि तिथी यांत एखाद्या दिवसाचा फरक आला तर लगेच कागद खोटा म्हणून ओरडू नकोस. वार दिला असेल तर तो ताडून बघ, वार हा तुझा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. तिथी-वार जुळवायला स्वामीकन्नू पिल्ले यांची इसवी ७०० ते १७९९ पर्यंतची पंचांगकोष्टकं आहेत, ती वापरायला शीक, मोबाईलवरच्या कन्व्हर्टरवर विसंबू नकोस, आणि वापरलाच तर तो ज्युलियन तारीख देतोय की ग्रेगोरियन ते आधी बघ.

ही ज्युलियनची भानगड इंग्रजी कागद वाचायला लागलास की डोकं खाते. १५८२ मध्ये युरोपातल्या कॅथलिक देशांनी कॅलेंडर दहा दिवस पुढे ढकललं, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारलं, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. म्हणजे सतराव्या शतकात गोव्याहून निघालेलं पत्र आणि मुंबईच्या इंग्रजांनी त्याच दिवशी लिहिलेलं पत्र यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची, नव्या पद्धतीने ती १६ जून येते. वर इंग्रजांचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदात जानेवारी १६६३ म्हणून सापडते. ज्याला हे माहीत नाही तो ‘इंग्रज पुराव्यानुसार सुरत एक वर्ष आधी लुटली’ असा शोध लावून मोकळा होतो, आणि असे शोध लागलेले मी पाहिलेत.

मोडी. लोक उगाच घाबरतात. दहा-पंधरा दिवसांच्या वर्गात अक्षरओळख होते, पुढचं सगळं सरावावर. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, लिहिणारा आधी ओळभर रेघ मारतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे दिन आणि दीन सारखंच दिसणार, संदर्भावरून ठरवायचं. वर संक्षेप ढिगाने. एक चूक करू नकोस ती म्हणजे शिवकालीन मोडीपासून सुरुवात. पेशवेकालीन वळण जास्त घोटीव आणि एकसारखं असतं, तिथे हात बसू दे, मग मागे जा. आणि सरावाची सगळ्यात चांगली युक्ती सांगतो, ज्या मोडी कागदाचं छापील वाचन उपलब्ध आहे असा कागद घ्यायचा, आपण स्वतः वाचून लिहून काढायचं आणि मग छापील वाचनाशी ताडायचं. तीस कागदांनंतर एखाद्या ठिकाणी छापील वाचन चुकलंय असं तुला वाटेल, आणि शंभरात एकदा तुझं बरोबर निघेल, तो दिवस विसरता येत नाही.

लिपीपेक्षा फसवे असतात ते शब्द, कारण ते आपल्याला येतात असं वाटतं. ‘कौल’ म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. कागदातला कौल म्हणजे अभय आणि अटी: या, जमीन लावा, सुरुवातीची वर्षं सारा कमी घेऊ, पुढे वाढवत नेऊ. त्या वाढत्या साऱ्याला इस्तावा म्हणतात. म्हणजे ‘गावास कौल दिला’ असं वाचलं की सरकारच्या दयाळूपणावर लिहू नकोस, आधी विचार की गाव ओस का पडलं होतं. एखाद्या परगण्यात एका वर्षात कौलनामे अचानक वाढले असतील तर आदल्या वर्षी तिथून फौज गेली होती की दुष्काळ पडला होता, हा बघ दुसरा लघुप्रबंध. ‘पांढरी’ म्हणजे गावठाण आणि तिथे राहणारे लोक, ‘काळी’ म्हणजे शेतजमीन. ‘सरंजाम’ म्हणजे सामान नव्हे, फौज ठेवण्यासाठी लावून दिलेला मुलूख. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती नेटवर शोधता येते, ती उघडीच ठेव. आणि मण, खंडी, बिघा ही मापं गावागणिक बदलतात, त्यांची सरळ बेरीज करून तक्ता बनवलास तर तो दिसायला छान दिसेल, एवढंच.

बखरींबद्दल लोक दोन टोकांना जातात, एक तर वेद समजतात नाहीतर कचरा. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी १६९७ मध्ये बखर लिहिली, महाराजांना जाऊन सतरा वर्षं झाली होती, लिहिणारा त्या काळात वावरलेला माणूस. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकातली, शंभरहून जास्त वर्षांनंतरची. दोन्हींना ‘बखर सांगते’ एवढ्या दोन शब्दांत एकत्र बांधणं म्हणजे आजोबांची आठवण आणि शेजाऱ्याच्या पोराने ऐकलेली गोष्ट एकाच वजनाची धरणं. पण चिटणीसांची बखर टाकूनही देऊ नकोस, तिचा उपयोग महाराजांसाठी कमी असेल, पण त्यांच्या नंतर चार पिढ्यांनी महाराज कसे आठवले जात होते यासाठी ती पहिल्या दर्जाचं साधन आहे. साधन खरं की खोटं असं एकट्याने ठरत नाही, तू त्याला काय विचारतोयस त्यावर ठरतं.

खोट्या कागदांचंही हेच. वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांचे, वाद पिढ्यानपिढ्या चालायचे, गोतसभा म्हणजे गावच्या मंडळींची न्यायसभा बसायची, महजर म्हणजे तिच्या निवाड्याचा कागद व्हायचा, त्यावर साक्षीदारांच्या खुणा, पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चित्रं. एवढं सगळं कागदावर टांगलेलं म्हटल्यावर बनावट कागद होणारच. ओळखायचे कसे? तिथीला वार जुळत नाही, माणूस मेल्यावर सही करतोय, १६७४ च्या आधीच्या कागदात राज्याभिषेक शक घातलाय, अक्षराचं वळण शंभर वर्षं पुढचं आहे. पण बनावट सापडला म्हणून फेकू नकोस! कोणीतरी कधीतरी बसून तो बनवला, म्हणजे त्या वेळी तो हक्क मिळवण्यासारखा होता आणि कागद दाखवल्यावर तो मिळण्याची आशा होती. माझ्या मते एका खोट्या महजरात कधी कधी दहा खऱ्यांपेक्षा जास्त इतिहास असतो.

जे कागदात नाहीत त्यांचं काय, हाही प्रश्न डोक्यात ठेव. कुणबीण आणि बटकी म्हणजे दासी, महार, फिरस्ते, यांनी स्वतःसाठी कागद जपून ठेवलेले नाहीत, ते येतात ते भांडणात, दंडात, खरेदी-विक्रीच्या नोंदीत, आणि तेही दुसऱ्याच्या लेखणीतून. दोन ओळींची नोंद असते, अमक्या गुन्ह्याबद्दल अमुक रुपये गुन्हेगारी घेतली, संपलं. अशा दोन-दोन ओळी दोनशे जमल्या की चित्र दिसायला लागतं, आणि रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वह्या, त्यासाठी सोन्याची खाण आहेत, कंटाळवाण्या आहेत म्हणून फारसं कोणी जात नाही.

फारसीचं म्हणशील तर सहा महिन्यांत शिकून होत नाही, तो नाद आत्ता सोड, पण पुढे पीएचडी करायची असेल तर आजच वर्णमालेपासून सुरू कर, कारण सतराव्या शतकातलं दख्खन फारसीशिवाय अर्धंच दिसतं. तोवर सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारच्या बातमीपत्रांचे मराठी अनुवाद करून ठेवलेत ते वाच. फारसी इतिहासांचे इलियट आणि डाउसनचे इंग्रजी उतारे सगळीकडे फिरतात, पण त्यांनी काय निवडलं आणि काय गाळलं यालाही एक राजकारण होतं, ते वापरताना सावध. पोर्तुगीजसाठी पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरावर केलेलं काम आहे. अनुवाद वापरलास तर फूटनोटमध्ये अनुवाद वापरला असंच लिही, मूळ फारसी वाचल्याचा आव आणू नकोस, तोंडी परीक्षेत एका प्रश्नात पितळ उघडं पडतं.

दफ्तरात पहिल्यांदा जाशील तेव्हा डिपार्टमेंटचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, शाईचं पेन बॅगेतच ठेव, पेन्सिल आणि वही काढ. फोटोची परवानगी मिळेलच असं धरून चालू नकोस, हाताने उतरवायची तयारी ठेव, आणि खरं सांगू का, हाताने उतरवलेलं डोक्यात राहतं, फोनमधले आठशे फोटो फोनमध्येच राहतात. प्रत्येक नोंदीवर त्याच दिवशी रुमाल (कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं) नंबर, कागदाचा नंबर आणि तू काढलेली तारीख कुठल्या सनावरून काढली ते लिही, मूळ सन जसाच्या तसा ठेव, फक्त इसवी सन लिहून मोकळा होऊ नकोस, नाहीतर चूक झाली तर मागे जायला वाट राहत नाही. छापील खंडातही तोच नियम, पत्रावरची तारीख पत्रातलीच आहे की संपादकाने अंदाजाने घातलीय ते बघून वेगळ्या रकान्यात टाक.

आणि रुमाल सोडताना कागदांची घडी आणि क्रम कसा होता ते बघून ठेव, तसाच बांधून परत दे. मला एकदा एका रुमालात तीन पत्रं एकात एक घडी घातलेली सापडली होती, तिन्हींवर तारीख नव्हती, पण कोणत्या पत्राच्या पोटात कोणतं होतं त्यावरूनच उत्तर कोणतं आणि प्रश्न कोणता ते लागलं. माझ्या आधी कोणी ती नीटनेटकी करून एकावर एक रचून ठेवली असती तर ती तीन पत्रं आजही तिथे नुसती पडून असती.